आधी नाती, मग तलवार

रनक्वेस्टमध्ये पात्र घडवायला बसलं की तलवार कोणती आणि चिलखत कोणतं, हे प्रश्न फार उशिरा येतात. सुरुवात आजी-आजोबांपासून होते. १६०२ साली लाल चंद्राच्या साम्राज्याने बोल्डहोम ही सार्तार राज्याची राजधानी जिंकली, तेव्हा घरातलं कोण लढलं, कोण मेलं आणि कोण वाचलं? १६१३ च्या बंडात आई कोणत्या बाजूला होती? १६२१ नंतरच्या त्या भीषण हिवाळ्यात कुटुंब कसं तगलं? एकेका घटनेसाठी फासा टाकायचा आणि जे पडेल ते आपल्या घराण्याचा इतिहास म्हणून पत्करायचं. ही सालं ग्लोरांथा नावाच्या कल्पित जगातली आहेत, पण तासाभरात ती खेळणाऱ्याला घरची वाटू लागतात. कागदावर ‘साम्राज्याचा द्वेष’, ‘कुळावरची निष्ठा’ अशा नोंदी चढत जातात आणि प्रत्येकीपुढे टक्क्यांत एक आकडा असतो. पात्राला धड नावही मिळालेलं नसतं, तोवर त्याला आप्त, वैरी आणि फेडायची ऋणं मिळालेली असतात.

या खेळाचं मर्म मला त्या पहिल्या तासातच दिसतं. म्हणून नव्या खेळाडूंसाठी तयार झालेल्या या पुस्तिकेच्या तोंडी, नियमांच्याही आधी, एवढं सांगतो: रनक्वेस्टमधलं तुमचं पात्र कधीच एकटं नसतं. कूळ, देव, शपथा, राग-लोभ यांनी ते बांधलेलं असतं, आणि त्याची सगळी ताकद त्या बंधनांतूनच येते. हे ध्यानात आलं की पुढचे नियम आपोआप जागेवर बसतात. हे सुटलं तर उरते ती केवळ टक्केवारी.

ज्यांनी भूमिकाखेळ कधीच खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण गेममास्टर होतो. जग, त्यातली माणसं आणि संकटं त्याच्या हाती. बाकीच्यांकडे प्रत्येकी एक पात्र. गेममास्टर प्रसंग उभा करतो, खेळाडू आपलं पात्र काय करतं ते सांगतात, आणि जिथे काय होईल याचा भरवसा नसतो तिथे फासे टाकतात. कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. गोष्ट पुढे जात राहते. एका बैठकीला तीन-चार तास सहज लागतात.

या प्रकारचा पहिला छापील खेळ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो १९७४ साली अमेरिकेत आणला. आज भूमिकाखेळ म्हटलं की बहुतेक ठिकाणी आधी हेच नाव निघतं, आणि ही पुस्तिका हाती घेणाऱ्यांपैकी ज्यांना या खेळांची ओळख आहे त्यांना ती बहुधा डी अँड डीमुळेच झालेली असेल. ग्लोरांथा मात्र त्याहून जुनं आहे. विस्कॉन्सिनमधल्या बेलॉइट कॉलेजात शिकणाऱ्या ग्रेग स्टॅफर्डने १९६६ साली या जगाच्या गोष्टी लिहायला घेतल्या. त्याला जगभरच्या पुराणकथांचं वेड होतं. त्याच्या डोक्यात आधी आले ते देव आणि त्यांची भांडणं; राज्यं, नकाशे, लढाया मागाहून आल्या. १९७५ मध्ये त्याने केऑसियम ही प्रकाशनसंस्था काढली आणि ‘व्हाइट बेअर अँड रेड मून’ हा याच जगातल्या युद्धाचा पटावरचा खेळ छापला. तीन वर्षांनी, १९७८ मध्ये, रनक्वेस्ट आलं.

नियमांची मुख्य बांधणी स्टीव्ह पेरिनची. ‘सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अ‍ॅनाक्रॉनिझम’ ही मंडळी मध्ययुगीन पोशाख आणि चिलखतं चढवून वेताच्या तलवारींनी खरोखर लढतात; पेरिन तिथे अगदी सुरुवातीपासून होता. ढालीमागे उभं राहिलेल्याला किती दिसतं, वार चुकला की तोल कसा जातो, हे त्याला अंगाने ठाऊक होतं. एक जण पुराणकथांत बुडालेला आणि दुसऱ्याने ढाल-तलवार हाताळलेली, असा हा योग. म्हणून या खेळात देव जितके खरे वाटतात तितकीच जखमही खरी वाटते. स्टॅफर्ड २०१८ मध्ये गेला, पेरिन २०२१ मध्ये. स्टॅफर्ड गेला त्याच वर्षी नियमांची नवी आवृत्ती पुस्तकरूपाने आली. या पुस्तिकेतलं सगळं विवेचन त्याच आवृत्तीला धरून आहे.

आता फाशांकडे. प्रत्येक कौशल्यापुढे टक्के लिहिलेले असतात. तलवार ६० असेल तर दहा बाजूंचे दोन फासे टाकायचे, एक दशकाचा आणि एक एककाचा. ६० किंवा त्याहून कमी पडलं की वार जमला. त्याचा पाचवा हिस्सा, म्हणजे १२ किंवा कमी पडलं तर विशेष यश. विसावा हिस्सा, म्हणजे ३ किंवा कमी, तर सर्वोच्च यश. दुसऱ्या टोकाला ९९ किंवा ०० (म्हणजे १००) पडलं तर पुरती फजिती: शस्त्र हातून निसटेल, नाहीतर सोबत्यालाच लागेल. घोडा हाकणं, सौदा पटवणं, वाट काढणं, ओव्या रचणं, सगळं याच रीतीने चालतं. ज्याला शेकडेवारी कळते तो पहिल्या पाच मिनिटांत खेळू लागतो.

डी अँड डीतून येणाऱ्यांना इथे लेव्हल शोधूनही सापडणार नाही, आणि क्लासही नाहीत. धनगराला भाला शिकता येतो, व्यापाऱ्याला मंत्र येतात, कारण या जगात थोडीफार जादू जवळजवळ सगळ्यांनाच येते. प्रगती होते ती केलेल्या कामातून. कसोटीच्या प्रसंगी जे कौशल्य यशस्वीपणे वापरलं त्यापुढे खूण करायची. ऋतू संपला की त्या प्रत्येक खुणेसाठी पुन्हा फासे टाकायचे, पण आता नियम उलटतो: आपल्या कौशल्याच्या वरचा आकडा पडला तरच ते वाढतं. ३० टक्केवाल्याला शिकायला मोकळं रान. ९० वाल्याला शंभरात साधारण दहाच संधी. नवख्याला भरभर येतं, उस्तादाला एकेका टक्क्यासाठी झगडावं लागतं, आणि हे सगळं एका फेकीत. मला या साऱ्या पद्धतीतली सर्वांत देखणी रचना हीच वाटते. केऑसियमनेही हा गाभा पुढे वापरला. १९८० मध्ये ‘बेसिक रोल-प्लेइंग’ नावाने तो वेगळा छापला आणि १९८१ मध्ये सँडी पीटरसनने त्यावर ‘कॉल ऑफ कथुलू’ हा भयखेळ उभा केला. खप आणि नाव या दोन्हींत तो रनक्वेस्टच्या पुढे गेला. म्हणजे कथुलू खेळलेल्यांना इथले फासे ओळखीचे आहेत.

लढाईबद्दल मात्र आधीच सावध करायला हवं. वार बसला की तो कुठे बसला यासाठी वीस बाजूंचा फासा पडतो: पाय, पोट, छाती, हात, डोकं. प्रत्येक अवयवाचे हिट पॉइंट, म्हणजे मार सोसण्याची ताकद, वेगळे. अंगात एकूण १३ हिट पॉइंट असलेल्या माणसाच्या डोक्याला ५ असतात, हाताला ४. साध्या ब्रॉडस्वोर्डचा वार २ ते ९ नुकसान करतो आणि मनगटात जोर असेल तर त्याहून जास्त. चिलखत त्यातलं काही खातं, पण सगळं नाही. शिवाय पात्र कितीही अनुभवी झालं तरी हे आकडे फारसे वाढत नाहीत. दहा साहसं पार केलेला योद्धाही रस्त्यावरच्या दरोडेखोराच्या एका भाग्यवान वारात आडवा होऊ शकतो.

नवे खेळाडू इथे बिचकतात. काहींना हा अन्याय वाटतो. मी उलट सांगेन: याच नियमामुळे माणसं टेबलावर शहाणी होतात. समोर शत्रू दिसला की आधी बोलणी होतात. वाट बदलता येईल का, ओळखीचं कुणी निघेल का, देणंघेणं करून सुटता येईल का, हे पाहिलं जातं. शरण जाणं ही नामुष्की नाही. या जगात सुटकेची रक्कम देऊन माणूस सोडवण्याची रीत आहे, आणि ती रक्कम पात्राच्या कागदावर पहिल्या दिवसापासून लिहिलेली असते. ती भरतं कोण? कूळ. कुळाशी वाकड्यात शिरलेल्या पात्रासाठी कुणी दमडी मोजत नाही. तलवारबाजीच्या नियमाने आपल्याला पुन्हा घराशी आणून उभं केलं ते असं.

कागदाच्या वरच्या भागात रून असतात. हे विश्वाचे मूळ घटक. अंधार, पाणी, पृथ्वी, अग्नी, वायू आणि चंद्र ही तत्त्वं. शिवाय एकमेकांशी बांधलेल्या जोड्या, सत्य आणि भ्रम, जीवन आणि मृत्यू, मेळ आणि कलह, स्थैर्य आणि गती. जोडीतल्या दोन्ही आकड्यांची बेरीज नेहमी १००. सत्य ७५ वर गेलं की भ्रम २५ वर उतरतो. हे आकडे देवाच्या जादूसाठी लागतात, पण त्यांचं खरं काम स्वभाव सांगणं हे आहे. त्यांच्याच शेजारी प्रेम, निष्ठा, द्वेष, मान अशा भावना टक्क्यांत लिहिलेल्या असतात. बहीण संकटात आहे आणि तिच्यापर्यंत पोचायला भिंत चढायची आहे? बहिणीवरच्या प्रेमावर फासे टाका. जमलं तर चढण्याच्या कौशल्यात २० टक्क्यांची भर, विशेष यश मिळालं तर ३०, सर्वोच्च यशाला ५०. फसलं तर उलट २० वजा, कारण माया माणसाला गोंधळवतेही. आणि एखादी भावना ८० च्या वर गेली की ती तुमच्यावर हुकूमत गाजवू लागते: द्वेष ८५ असलेल्या पात्राने साम्राज्याच्या दूतासमोर गप्प बसायचं ठरवलं, तरी गेममास्टर फासे टाकायला लावू शकतो. भावनांचा हा नियम स्टॅफर्डच्याच १९८५ च्या ‘किंग आर्थर पेंड्रॅगन’ या खेळातून इथे आला आहे, आणि तो रनक्वेस्टच्या अंगाला असा बसला आहे की आता त्याशिवायचं रनक्वेस्ट मला अपुरं वाटतं.

आता देव. प्रौढ झालेलं जवळजवळ प्रत्येक पात्र कुठल्या ना कुठल्या देवाच्या संप्रदायात दीक्षा घेतलेलं असतं. ऑर्लांथ वादळाचा आणि राजेपणाचा देव, एर्नाल्डा धरित्री आणि घराची राणी, इसरीज व्यापाराचा, लँकोर माय विद्येचा. हुमाक्त मृत्यूचा आणि शपथेचा; त्याच्या भक्ताला मेल्यावर कुणी जादूने परत उठवू शकत नाही. शलाना अरॉय आरोग्याची देवी. तिच्या सेवकांना कोणत्याही विचारी जिवाला इजा न करण्याचं व्रत असतं, आणि तलवार न उचलता सगळं साहस पार करणारं असं पात्र खेळणं हा फार मोठा अनुभव असतो. मराठी खेळाडूला हा भाग इतर अनेकांपेक्षा लवकर उमगेल असं मला वाटतं. घरात कुलदैवत आहे, नवस आहेत, ठरलेल्या तिथीला ठरलेल्या ठिकाणी जायचं असतं, आणि हे सगळं एकट्याचं नसून घराण्याचं असतं, हे ज्याने लहानपणापासून पाहिलंय त्याला संप्रदाय म्हणजे काय हे पानभर समजावावं लागत नाही.

देवाकडून मिळालेली मोठी जादू रून पॉइंट खर्चून वापरायची असते. वीज पाडली, मोडलेला हात सांधला, की पॉइंट गेले. ते झोपून उठल्यावर परत येत नाहीत. त्यासाठी सणाच्या दिवशी देवळात जाऊन इतरांसोबत उपासना करावी लागते. म्हणून इथला साहसी वीर वर्षभर रानोमाळ हिंडू शकत नाही. पेरणीला, सणाला, सुगीला त्याला परतावं लागतं. ग्लोरांथाचं वर्ष २९४ दिवसांचं: समुद्र, अग्नी, पृथ्वी, अंधार आणि वादळ असे ५६ दिवसांचे पाच ऋतू, आणि शेवटी दोन आठवड्यांचा पवित्र काळ. साधारणपणे एका ऋतूत एक साहस खेळावं असा नियमपुस्तकाचा सल्ला आहे. पवित्र काळात पीक कसं आलं, घरात कोण जन्मलं, लग्न कुणाचं झालं, याचेही फासे पडतात. हा भाग घाईत उरकू नका.

या देवांची एक कथा मात्र खेळण्याआधी ठाऊक हवी. तरुण, तापट ऑर्लांथने मृत्यू हे नवं शस्त्र हाती घेऊन सूर्यसम्राट येल्मला मारलं. जुलमी सत्ता गेली, पण सूर्यही गेला. अंधार पसरला, हिमयुग आलं, केऑसचे, म्हणजे सृष्टी नासवणाऱ्या शक्तीचे, राक्षस जगाच्या फटींतून आत शिरले आणि देवही मरू लागले. तेव्हा ऑर्लांथ सोबत्यांना घेऊन पाताळात उतरला, ज्याला मारलं त्याच्यापुढे उभा राहिला आणि केलेल्याची भरपाई करून सूर्याला परत घेऊन आला. त्या पहाटेपासून काळ सुरू झाला. तो सुरू होताना देवांनी एक करार केला: यापुढे काळाच्या आत ते मनमानी करणार नाहीत. त्यामुळे आज जे घडवायचं ते माणसांनाच घडवावं लागतं. मुख्य देवाचं सर्वांत थोर कर्म म्हणजे स्वतःच्याच अपराधाचं निवारण, ही कल्पना मला कुठल्याही विजयगाथेपेक्षा मोठी वाटते. अनुभवी पात्रं पुढे विधीच्या वाटेने या कथांच्या आत शिरतात, देवाच्या जागी उभी राहतात आणि तिथून काही जिंकून आपल्या लोकांसाठी घेऊन येतात. याला हीरोक्वेस्ट म्हणतात. पहिल्या वर्षात त्याच्या वाटेला जाऊ नका.

खेळ सुरू होतो १६२५ सालात, ड्रॅगन पास या डोंगराळ मुलखात. साम्राज्याच्या नव्या मंदिराच्या प्रतिष्ठापनेला जमलेल्या बड्या धेंडांना जमिनीखालून उठलेल्या ड्रॅगनने गिळलं, आणि सार्तारचं राज्य तेवीस वर्षांनी स्वतंत्र झालं. नियमपुस्तकाचा कल सार्तारकडे आहे, पण साम्राज्याला खलनायक समजण्याची चूक करू नये. साम्राज्याची लाल देवी सगळ्यांना सामावून घेते, जुन्या रूढींनी चिरडलेल्यांना वाट देते, आणि त्याच न्यायाने केऑसलाही जवळ करते. तिच्या अनुयायांना यात मुक्ती दिसते, सार्तारच्या लोकांना विनाश. दोन्ही बाजू मनापासून बोलतात.

मानवेतर जातींचंही तसंच. इथले ट्रोल अंधाराची लेकरं; मातृसत्ताक, प्राचीन, आणि शापित, कारण त्यांच्या मातांच्या पोटी आता बहुतेक वेळा खुरटी, दुबळी पोरं जन्मतात. १९८२ च्या ‘ट्रोलपॅक’ने या एका जातीचा इतिहास, आहार, देवधर्म एवढ्या बारकाईने मांडला की राक्षस म्हणून कापायला आणलेला ट्रोल त्यानंतर शोभेना. एल्फ म्हणजे चालती-बोलती झाडं. आणि हो, माणसाएवढं शहाणपण असलेली बदकंही आहेत. त्यांना पाहून नवे लोक हसतात. पण बदकांतही हुमाक्तचे कडवे योद्धे आहेत, त्यांना विस्थापनाचा आणि छळाचा इतिहास आहे, आणि दोन बैठकींत ते हसू मावळतं.

उणीवही सांगायला हवी. मूळ नियमपुस्तक चारशेहून अधिक पानांचं आहे आणि लढाईचा हिशेब जड आहे: कोण आधी मारतो, वार कुठे, चिलखताने किती खाल्लं, शस्त्राचं किती झिजलं. पहिल्या काही बैठकींत हे अडखळत चालतं. त्यावर माझा उपाय असा की गेममास्टरने सुरुवातीला एका बैठकीत एकच लढाई ठेवावी, तीही लहान. ग्लोरांथाबद्दल पाच दशकांत छापलेल्या साहित्याचा ढीगही घाबरवतो. ‘गाइड टू ग्लोरांथा’चेच दोन भलेथोरले खंड आहेत. तुम्हाला त्यातलं एक पानही वाचायची गरज नाही. खेड्यातल्या माणसाला स्वतःच्या कुळाबद्दल, शेजारच्या वैऱ्यांबद्दल आणि आपल्या देवाबद्दल जेवढं ठाऊक असतं तेवढं पुरे. प्रत्येक टेबलाचं ग्लोरांथा वेगळं होणार, हे खुद्द स्टॅफर्ड सांगत आला. तेव्हा कुणी जाणकार मध्येच अडवून ‘असं नाहीये’ म्हणाला तर त्याचं ऐकून घ्या आणि खेळ पुढे न्या.

खेळा मात्र मराठीत. सभेत कुळाच्या प्रमुखासमोर बाजू मांडताना, वैऱ्याला आव्हान देताना, देवाकडे मागणं मागताना तोंडात जे शब्द सहज येतात तेच वापरा. फाशांचे नि नियमांचे शब्द इंग्रजी राहिले तरी बिघडत नाही. एक खबरदारी आधी घ्या. या खेळात गुलामी येते, युद्धातली क्रूरता येते, देवधर्म तर पानोपानी येतो. कुणाला काय नको आहे हे सर्वांनी बसण्यापूर्वीच बोलून ठरवावं, आणि खेळ सुरू असताना कुणी थांबा म्हटलं तर कारण न विचारता थांबावं.

सुरुवातीला पैसे घालायची गरज नाही. केऑसियमची ‘क्विकस्टार्ट’ ही पुस्तिका फुकट मिळते; त्यात गाळीव नियम, तयार पात्रं आणि ‘द ब्रोकन टॉवर’ हे चोरीला गेलेल्या गुरांच्या मागावर निघायचं साहस आहे. गोडी लागली तर २०२१ चा ‘स्टार्टर सेट’ घ्या. त्यातलं एकट्याने खेळायचं साहस गेममास्टरने आधी स्वतः खेळून पाहावं. नियम हातात बसायला त्याइतका चांगला मार्ग नाही. मोठं पुस्तक त्यानंतर. आणि एक विनंती: एका बैठकीवरून रनक्वेस्टची परीक्षा करू नका. त्याच सोबत्यांना घेऊन ग्लोरांथाचं एक अख्खं वर्ष, पाच ऋतू आणि पाच साहसं, पवित्र काळापर्यंत खेळा. मग हा खेळ आपला आहे की नाही ते ठरवा.